आमची वाटचाल: टवक्यासकट

साताऱ्याला आजीच्या घरी ताक कधी पितळेच्या पातेल्यात राहिलं नाही. कल्हई जरा उडालेली असली की कळकायचं. ताकासाठी एनॅमलचं पांढरं पातेलं होतं, निळ्या काठाचं, बाहेरून कानापाशी नखाएवढा टवका उडालेलं. आजी गेल्यावर घर आवरताना ते भंगाराच्या पोत्यात निघालं होतं. मी ते उचलून पुण्याला आणलं, आणि जुनी एनॅमलची भांडी विकायचा आमचा धंदा तिथून सुरू झाला.

मग मी आणि नवरा रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायला लागलो. ताटं, परात, झाकणाचे डबे, बंगाल एनॅमल कंपनीचे जाड मग असं काय काय मिळायचं. एका किटलीच्या तळाला ‘मेड इन झेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का निघाला. तो देशच १९१८ साली जन्माला आला आणि १९९२ संपता संपता मोडला, म्हणजे किटली त्या मधल्या काळातली. त्या रात्री मी ती हातातून खाली ठेवली नाही.

तीच किटली मी घालवली. चहाचे डाग निघेनात म्हणून रात्रभर फरशी धुवायच्या ॲसिडात बुडवून ठेवली. सकाळी डाग गेले होते आणि चकाकीही. हात फिरवला तर खडूसारखं खरखरीत लागलं. एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर साधारण ८०० अंशांना वितळवून बसवलेली काच. ॲसिडानं ती काचच खाल्ली होती. तेव्हापासून कोमट पाणी, खायचा सोडा आणि मऊ फडकं. तारेची घासणी दुकानात येत नाही.

आमच्याकडचं भांडं वापरायला न्यावं, ही माझी मनापासूनची इच्छा. परातीत कणीक मळा, ताटात भाजी निवडा, मगात चहा प्या. पण आतून टवका उडालेलं भांडं आम्ही खाण्यापिण्यासाठी देत नाही. त्यात तुळस लावा. आतून लाल, पिवळं किंवा नारिंगी असेल तरी तेच, कारण जुन्या रंगांत शिसं, कॅडमियम असे विषारी धातू असू शकतात. जुन्या पांढऱ्या भांड्यातही ताक, चिंच, लोणचं साठवू नका, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. गरम भांड्यावर एकदम गार पाणी ओतू नका, काच तडकते. प्रत्येक टवक्याचा फोटो आधी पाठवतो. काहीजण त्यावरून नको म्हणतात, चालतं.

आजीचं पातेलं विकायला नाही, कितीही किंमत आली तरी. रात्री त्यात मटकी भिजते. सकाळी धुऊन, पुसून, टवक्यावर तेलाचं बोट फिरवते, गंज धरू नये म्हणून.