सगळं चालू, इनबॉक्स रिकामा

तक्रार आली ती 'मेल जात नाही' एवढीच. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने मेल सर्व्हर डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ व्या आवृत्तीवर नेला होता आणि अपग्रेड विनातक्रार संपलं होतं. मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रामच्या लॉगमध्ये मात्र एकच रडगाणं: 'फेटल: नो एसएएसएल ऑथेंटिकेशन मेकॅनिझम्स', म्हणजे लॉगिन तपासायची सोयच सापडत नाही. मेल येण्याच्या दारावर, म्हणजे पोर्ट २५ वर, कुणी जोडलं की प्रोसेस उठायची आणि लगेच मरायची.

सहकारी पोस्टफिक्सच्या फायली उघडून बसला. साहजिकच होतं ते. पण आमच्याकडे पासवर्ड तपासतो डव्हकॉट, लोकांचे मेलबॉक्स सांभाळणारा दुसरा प्रोग्राम. पोस्टफिक्स त्याला एका सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्रामांमधल्या जोडणीवरून, फक्त विचारतो. डव्हकॉटच बंद, त्यामुळे ते सॉकेटच जागेवर नव्हतं. ओरडत होता एक, आजारी होता दुसरा.

डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ येतो आणि त्याला जुन्या २.३ ची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) चालत नाही, म्हणून तो उठलाच नव्हता. सुरुवातीलाच कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते, सर्टिफिकेटच्या सेटिंगची नावं बदललीत, आणि मेल कुठे ठेवायचे हे सांगणाऱ्या एका ओळीच्या आता दोन झाल्यात: एकीत साठवणीचा प्रकार, दुसरीत मार्ग.

या टप्प्यावर मी पोस्टफिक्स सरळ बंद केला. सहकारी दचकलाच. पण बंद सर्व्हरपेक्षा अर्धवट चालणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. दार बंद दिसलं की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा येत राहतो; पोस्टफिक्ससारखा असेल तर डीफॉल्टनुसार ५ दिवस. अर्धवट सर्व्हर मात्र खातं सापडलं नाही की बिनदिक्कत ५५०, म्हणजे कायमच्या नकाराचा कोड, सांगून मोकळा होतो, आणि तो मेल तिथेच परत फिरतो.

नवी कॉन्फिग लिहून झाली, डव्हकॉट उठला, स्टेटस हिरवं. पुढच्या काही मिनिटांत फोनवर फोन. इनबॉक्स रिकामा! एकजण म्हणाला, "मी अकाउंट काढून पुन्हा टाकतो." त्याला म्हटलं, कृपा करा, कशाला हात लावू नका. सहकारी तोवर बॅकअप शोधू लागला होता.

मी आधी डिस्कवर पाहिलं. जुने मेल जिथल्या तिथे होते. मार्गाच्या ओळीत डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरचा) भाग सुटला होता, त्यामुळे डव्हकॉट भलत्याच फोल्डरकडे पाहत होता, आणि तिथे काही नाही म्हणून त्याने प्रत्येकाला नवा कोरा मेलबॉक्स बनवून दिला होता. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं, म्हणून लॉगही साफ. अशा वेळी बॅकअप ओतला असता तर निस्तरायला आठवडा गेला असता.

मार्ग दुरुस्त केला. मधल्या वेळात लोकांनी 'ड्राफ्ट्स'मध्ये जपलेले थोडे मसुदे कोऱ्या मेलबॉक्समधून जुन्यात हलवले. बाहेरून आलेला मेल तिथे एकही नव्हता, कारण पोस्टफिक्स बंद होता.

पोस्टफिक्स सुरू करण्याआधी त्यातलं सॉफ्ट बाउन्स हे सेटिंग चालू केलं. त्याने कायमचा नकारही तात्पुरता होतो: ५५० च्या जागी ४५०. काही सुटलंच असेल तर समोरचा पुन्हा येईल. मेल हळूहळू यायला लागले. दूरचे सर्व्हर आपापल्या सवडीने प्रयत्न करतात, त्यांना घाई करता येत नाही. संध्याकाळी लॉगमध्ये उगाचचे नकार दिसेनासे झाल्यावर सॉफ्ट बाउन्स काढलं.

दुसऱ्या दिवशी हिशेब विभागातून विचारणा: मेलवर वेळ सकाळची आणि आला दुपारी, मधे तुम्ही वाचत होतात का? ती वेळ पाठवणाऱ्याच्या यंत्राने लिहिलेली असते, हे मी समजावलं. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे.