डिस्कची आतली बाजू

श्रावणातला सोमवार. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या अंबाजोगाईहून पुढं घाट उतरतात. त्यातलेच एक निवृत्त गुरुजी घरच्यांना घेऊन गॅरेजवर थांबले. "मिस्तरी, मागून खरखर यायली. बघा अन् लवकर सोडा."

चाकाच्या फटीतून डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी, आरशासारखी दिसत होती. "चकचकीत हाय की! अन् गाडी बी थांबायली," गुरुजी म्हणाले. थांबत होतीच. ब्रेक दाबला की वजन पुढं झुकतं, मोठं काम पुढची चाकं करतात. मागचा ब्रेक अर्धा मेला तरी सपाट रस्त्यावर पायाला कळत नाही. पण पुढं घाट होता, गाडीत दोन लेकरं होती. मी हट्टानं चाक खोललं.

आतली बाजू बघून पोटात गोळा आला. कडेला बोटभर चकचकीत पट्टा, बाकी सगळा गंज, खवल्याखवल्यांचा. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून आवळणारा चिमटा, उतरवला तर आतला पॅड, म्हणजे डिस्कवर घासणारी वडी, हलेना. त्याचे दोन्ही कान ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजानं आवळले होते. पिस्टन ढकलायचा, पण पॅड तिरका अडकून कडेपुरताच टेकायचा. हातोडीनं ठोकून काढला, तर तो जवळजवळ कोरा. बाहेरचा मात्र झिजून 2 मिलिमीटरवर आलेला.

आपल्याकडं ना समुद्र, ना खारा वारा. पण डिस्क बिडाची; पावसात भिजली की सकाळी तांबूस होतेच. पॅड नीट टेकत असला तर दोन-चार ब्रेकमध्ये घासून निघते. ही गाडी जूनपासून शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, चाकांना काळ्या मातीचा चिखल, आठवड्यातनं एखाद्या वेळी हलायची. त्यात गेल्या वर्षी कुणीतरी ब्रॅकेटवरच्या, पॅडच्या कानांखालच्या जुन्या पत्र्या न काढताच नवे पॅड दामटून बसवलेले. पत्र्यांखाली गंज फुगला, खाच अरुंद झाली. दहा मिनिटांचं काम होतं ते. मला त्याचा राग अजून आहे.

गंज काढायला लेथवर घासून घेतली असती तर डिस्क काठावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेली असती. लातूरहून एसटीनं दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड मागवले. तोवर खाचा कानशीनं साफ केल्या, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं. हॅन्डब्रेक कॅलिपरमध्येच, त्यामुळे पिस्टन फिरवत फिरवत आत घ्यावा लागला.

संध्याकाळी लातूर रोडवर साठच्या वेगावरून वीसवर, असं दहा वेळा आणून नवे पॅड डिस्कवर घासून बसवले. परत आल्यावर गुरुजींनी आधी डाव्या, मग उजव्या चाकाजवळ तळहात धरला. दोन्हीकडं सारखीच ऊब होती.