सरफेसरचा मागचा बेड: माझा अनुभव

दोन फळ्यांच्या कडा सरफेसरवर (लाकडाची बाजू रंधून सरळ करायच्या मशीनवर) मारल्या, एकीवर एक उभ्या ठेवल्या, दोन्ही टोकं घट्ट टेकली आणि मध्ये मात्र उजेड दिसला, तर ब्लेडं काढायला जाऊ नका. आधी बेड, म्हणजे फळी ज्यावरून सरकते ते मशीनचं टेबल, तपासा. एवढं एक वाक्य मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर माझा अख्खा पावसाळा वाचला असता. मशीन विकणाऱ्याने ते सांगितलं नाही, त्याच्या मेकॅनिकने सांगितलं नाही. जो तो ब्लेडकडेच बोट दाखवत होता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं काम पॅटर्नचं. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आहेत. त्यांना लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचे नमुने, आम्ही बनवतो. फर्निचरवाल्याचा सांधा जरा उघडा राहिला तर तो लांबी (पुट्टी) भरून पॉलिश मारू शकतो. आमचा पॅटर्न ओल्या वाळूत पुन्हा पुन्हा दाबला जातो. सांध्यात केसाएवढी फट असली तरी ओल शिरते, सांधा उकलतो, वाळू अडकते आणि प्रत्येक कास्टिंगवर (ओतलेल्या भागावर) त्या जागी रेघ उमटते. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आक्रसतं, म्हणून आम्ही फुटाला साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त धरून पॅटर्न करतो. इतकं मोजूनमापून केलेल्या कामात सांधाच उघडा पडावा, हे मला सहन होत नाही.

मशीन बारा इंची, तीन ब्लेडांचा कटर ब्लॉक (ब्लेडं बसवलेला फिरता दंडगोल), दोन एचपीची मोटर. खरेदी, उतरवणं, फाउंडेशन बोल्ट, थ्री फेजची जोडणी, सगळं सुरळीत झालं. (थ्री फेजला बेल्ट चढवण्याआधी मोटर एकदा नुसती फिरवून दिशा बघा. उलटी फिरत असेल तर दोन वायरी अदलाबदल करायच्या, एवढंच.) खरा त्रास पहिल्या मोठ्या बेसप्लेटच्या पॅटर्नला सुरू झाला. चार फुटी फळ्या जोडायच्या होत्या. जोडी लावली की मध्ये फट. क्लॅम्प आवळला की मिटायची, पण क्लॅम्पच्या जोरावर मिटलेली फट फेविकॉल वाळल्यावर स्वस्थ बसत नाही.

विकणाऱ्याला फोन केला. पहिलं उत्तर आलं, "मालक, ब्लेड धार लावून आणा." आणली. फट तशीच. पुन्हा फोन. "लाकूड ओलं असेल, कोल्हापूरचा पाऊस आहे." आम्ही पॅटर्नला जुनं, मुरलेलं सागवान वापरतो, आणि ओल्या लाकडाचा वाक फळीगणिक वेगळा येतो. माझी फट प्रत्येक जोडीला सारखी होती. तरीही खात्री करायला एमडीएफच्या दोन पट्ट्या मारल्या. एमडीएफला ना रेषा, ना नैसर्गिक वाक. त्यांच्यातही मध्ये उजेड. ही चाचणी तुम्हीही करा, फक्त एकदाच, कारण एमडीएफ ब्लेडची धार खातं.

मग उत्तर आलं ते मला सर्वांत लागलं. "तुमच्या माणसाचा हात बरोबर नाही." आमचे मिस्त्री आयुष्यभर रंध्यावर काम केलेले. फळी सुरुवातीला पुढच्या बेडवर दाबायची आणि वीतभर पलीकडे गेली की दाब कटरच्या लगेच पुढे, मागच्या बेडवर न्यायचा, हे त्यांना विक्रेत्याने शिकवायची गरज नाही. मिस्त्री काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांच्या वतीने वाईट वाटलं.

इथे पुढचा-मागचा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्यावर फळी ठेवून ढकलायला सुरुवात करतो तो पुढचा बेड. तो जेवढा खाली, तेवढा कट. कटर ओलांडून फळी ज्यावर जाते तो मागचा. मागचा बेड ब्लेड फिरताना जिथपर्यंत वर येतं त्या उंचीला बरोबर लागलेला पाहिजे. तो उंच असेल तर फळीचं तोंड त्याच्या काठाला अडतं, किंवा शेवटाकडे कट कमी कमी होत जातो. खाली असेल तर शेवटचं टोक पुढच्या बेडवरून सुटताच फळी खाली बसते आणि त्या टोकाला खड्डा पडतो. म्हणजे टोकाला खड्डा दिसला तर उंची बघा. माझ्या फळ्यांना टोकाला खड्डा नव्हता, कड लांबभर पोकळ होती. हा वेगळा आजार आहे, आणि फोनवर हा फरक ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

तक्रार नोंदवायला व्हॉट्सॲपवर एक फॉर्म आला. दोष कशात आहे? मोटर, बेल्ट, ब्लेड, इतर. बेड हा पर्यायच नाही. 'इतर' निवडून मी चार ओळी लिहिल्या. उत्तरात ब्लेडचे फोटो मागितले. पाठवले. मग "मेकॅनिक सोमवारी येईल." सोमवार आला, गेला. नंतर सांगितलं की तो सांगलीला अडकलाय, मग गाडी बंद पडली, मग कास्टिंग वॉरंटीत येत नाही. कास्टिंग फुटलंय असं मी म्हटलंच नव्हतं! माझं म्हणणं एवढंच होतं की कुणीतरी येऊन सरळपट्टी लावून बघा. मशीनचे पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाची एवढी मागणी जास्त नाही, असं मी आजही म्हणेन. तिकडे फाउंड्रीचे साहेब रोज विचारत होते, आणि आम्ही कडा हाताच्या लांब रंध्याने बसवत होतो. मशीन घेतलं ते याचसाठी घेतलं होतं का?

शेवटी स्वतः मोजायचं ठरवलं. पण कशाने? हार्डवेअरच्या दुकानातली ॲल्युमिनियमची पट्टी आणि गवंड्याची लेव्हल यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. पट्टी तपासायची सोपी रीत अशी: प्लायवर पट्टीच्या कडेने धारदार सुरीने रेघ ओढा, पट्टी रेघेच्या दुसऱ्या बाजूला उलटवा आणि तीच कड लावून त्याच दोन टोकांमधून पुन्हा ओढा. दोन रेघांमध्ये पोट दिसलं तर पट्टी वाकडी, आणि दिसतो तो दोष दुप्पट होऊन दिसतो. माझ्याकडच्या दोन्ही पट्ट्या यात नापास झाल्या.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक टूल रूम आहे. तिथल्या मामांकडे ग्राइंड केलेली मीटरभर सरळपट्टी होती. त्यांनी ती आधी ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवून दाखवली, फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पोलादी पानांच्या जुडग्याचं) सगळ्यांत पातळ पान कुठेच जात नव्हतं. देताना म्हणाले, "आपटू नको, उन्हात ठेवू नको, आणि काम झालं की तेल लावून आण." विकणाऱ्याकडून जे मिळालं नाही ते या शेजाऱ्याकडून मिळालं.

मोजण्याआधी मेन बंद केला आणि फ्यूज काढून खिशात ठेवले. स्विच बंद आहे या भरवशावर कटरजवळ हात घालू नये. ब्लॉक असा फिरवला की एकही ब्लेड वर नाही. बेड रॉकेलच्या फडक्याने पुसले, कारण चिकटलेला भुसा हाच पाव मिलिमीटर असू शकतो. मग पट्टी एकेका बेडवर लांबीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवली. ०.०५ मिलिमीटरचं पान कुठे गेलं नाही. म्हणजे बेड स्वतः सरळ होते, आणि हे कळल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. बिडाचं कास्टिंग नीट न मुरवता मशिनिंग केलं तर नंतर वाकतं, हे फाउंड्रीच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. तसं झालं असतं तर बेड पुन्हा ग्राइंड करण्यावाचून इलाज नव्हता.

मग पुढचा बेड वर घेऊन मागच्याच्या बरोबरीत आणला, पट्टी पुढच्यावर घट्ट धरली आणि मागच्यावर तरंगू दिली. कटरजवळ पान जाईना. मागच्या बेडच्या पार टोकाला ०.४० चं पान आरपार. ऑपरेटरच्या बाजूला तेवढंच आणि फेन्सच्या (फळी टेकवायच्या उभ्या आधाराच्या) बाजूलाही तेवढंच, म्हणजे पीळ नव्हता, नुसता झुकाव. दोन बेड मिळून घराच्या छपरासारखा आकार झाला होता, कटर आढ्यावर. छपरावरून सरकलेली कड पोकळच येणार. उलट, बेडांची बाहेरची टोकं वर असती तर कडेला पोट आलं असतं. मिस्त्री बाजूला उभे होते. "म्हणजे हात नव्हे," एवढंच बोलले.

आता दुरुस्ती. बेड तिरक्या डोव्हटेल बैठकीवर सरकतो आणि एका बाजूला जिब पट्टी असते, तिला आवळायचे स्क्रू. आधी ते बघा. माझे स्क्रू ढिले होते, हाताने बेडचं टोक उचललं तर हलत होतं. लॉकनट सोडून एकेक स्क्रू थोडा थोडा आवळला, हँडव्हील जड पण फिरतं अशा बेतावर ठेवलं. झुकाव ०.४० वरून ०.२५ वर आला. उरलेला शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालून काढला. यात हिशेब असा: बेड ७५० मिलिमीटर लांब, पण बैठक ३०० चीच. त्यामुळे टोकाला ०.२५ उचलायला बैठकीच्या बाहेरच्या शेवटाला ०.१० ची शिम पुरते. पितळी शिम इंजिनिअरिंगच्या दुकानात मापावर मिळते. नाही मिळाली तर कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्राही साधारण तेवढाच असतो, पण मी पितळच घातलं. बेड पूर्ण उतरवायला लागला नाही. जिब ढिली केली, मिस्त्रींनी लाकडाच्या ठोकळ्यावरून पहारीने टोक जरासं उचललं, मी दोन्ही बाजूंच्या बैठकीत सारख्या शिम सरकवल्या, पुन्हा आवळलं. पट्टी ठेवली. ०.०५ चं पान जाईना.

शिम घातल्यावर मागच्या बेडची कटरजवळची उंची किंचित बदलते, ती पुन्हा लावायची. त्याला मीटर लागत नाही. एक सरळ काठी मागच्या बेडवर, कटरच्या वर येईल अशी ठेवा, बेडच्या काठापाशी खूण करा, ब्लॉक हाताने हळू फिरवा. ब्लेड काठीला सूतभर सरकवून सोडेल, एवढी उंची बरोबर. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि तिन्ही ब्लेडांना सरकण सारखीच आली पाहिजे. वेगळी आली तर ते ब्लेड वर-खाली आहे. ब्लेडचे बोल्ट आवळताना आधी सगळे नुसते टेकवा, मग आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की ब्लेड उचललं जातं.

पहिली जोडी मारली, उभी ठेवली, मागे टॉर्च धरला. उजेड नाही. मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. त्या बेसप्लेटचा पॅटर्न आजही वाळूत जातोय, सांधा जागचा हललेला नाही.

मेकॅनिक त्यानंतर आला. मशीन चालवून बघितलं, "आता तर बरोबर आहे," म्हणाला आणि सर्व्हिस शीटवर 'ब्लेड सेटिंग केली' असं लिहून सहीला पुढे केलं. मी सही केली नाही. ती ओळ खोडायला लावली आणि माझ्या हाताने लिहिलं की मागचा बेड ०.४० झुकलेला होता, जिब आवळून आणि शिम घालून आम्ही सरळ केला. मगच सही. पोराचा राग नव्हता, त्याला सांगितलं तेवढंच तो करत होता. पण कागदावर ब्लेड राहिलं असतं तर पुढच्या गिऱ्हाईकालाही ब्लेडच सांगितलं गेलं असतं.

धारेचं एक राहिलं. तिन्ही ब्लेडं एकत्रच धारेला द्या आणि परत आली की रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) आणि वजन सराफी काट्यावर बघा. एक ब्लेड जास्त घासलं गेलं तर ब्लॉक थरथरतो आणि लाकडावर लाटा येतात. कडेला निळा डाग दिसला तर ग्राइंडिंगमध्ये तापलं आहे, ते परत करा. पावसाळ्यात रात्री बेडवर भुसा ठेवून जाऊ नका, सकाळी त्याच आकाराचा गंज मिळतो. बेड पुसून मेण चोळा, फळीही हलकी सरकते. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको, तो लाकडाला लागला की रंग धरत नाही. आणि फूटभरापेक्षा लहान तुकडा सरफेसरवर हाताने कधीच नाही. फिरत्या कटरजवळ हातमोजे तर अजिबात नाहीत.

आता थिकनेसर (फळीची जाडी सारखी करणारं मशीन) हातात घेतला आहे. त्याच्याकडून पीळ काढायची अपेक्षा ठेवू नका; रोलर फळी दाबून सपाट करतात, ती बाहेर आली की पुन्हा पिळते. पीळ सरफेसरवरच काढायचा, थिकनेसरने फक्त जाडी सारखी करायची. बेड कटरला समांतर आहे का हे बघायला एकसारख्या दोन अरुंद पट्ट्या एकाच सेटिंगवर एक पार डावीकडून, एक पार उजवीकडून काढा आणि व्हर्नियर लावा. माझ्याकडे डावी पट्टी ०.१५ ने जाड निघतेय. त्या बाजूच्या स्क्रूवरची चेन सोडून एक दात सरकवायची आहे. हातातले पॅटर्न एकदा गेले की मिस्त्री आणि मी ते करणार, आणि यावेळी कुणाला फोन करणार नाही.