तांब्याचं विष आणि त्याची सोबत

तांबं विषारी का, असं विचारलं की बहुतेक जण धातू आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेंटन रिअ‍ॅक्शनचं नाव घेऊन मोकळे होतात, आणि ते चूक नाहीये पण अर्धवट आहे.

आधी तेवढं उरकून घेऊ. पेशीतलं ग्लुटाथायोन किंवा व्हिटॅमिन सी कॉपर-टू ला (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं तांबं) इलेक्ट्रॉन देतं, त्याचं कॉपर-वन (एकच गमावलेलं) होतं, ते हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्यावर तुटून पडणारा छोटा तुकडा) सुटतं आणि तांबं परत कॉपर-टू, म्हणजे तांबं खर्च होतच नाही, तेच ते गिरणीसारखं फिरत राहतं. लोखंडाची फेंटन पीएच ३ च्या आसपास, म्हणजे आम्लात, जोरात चालते, तांब्याला मात्र न्यूट्रल पाणीसुद्धा चालतं. (रॅडिकल खरंच मोकळं सुटतं की तांब्यालाच चिकटलेला ऑक्सिजन मारामारी करतो, यावर केमिस्ट लोकांचं अजून एकमत नाही.)

पण खरी गंमत लिगँडमध्ये, म्हणजे तांब्याला धरून बसणाऱ्या सोबतच्या रेणूमध्ये. फिनँथ्रोलीन नावाच्या लिगँडचे दोन रेणू तांब्याला धरतात, तो कॉम्प्लेक्स (तांबं आणि लिगँड मिळून) डीएनएच्या खाचेत जाऊन बसतो आणि पेरॉक्साइड मिळालं की तिथल्या तिथे धागा तुटतो, हे १९७९ मध्येच दिसलं होतं. रॅडिकल जेमतेम काही नॅनोमीटर जातं, त्यामुळे कॉम्प्लेक्स कुठे बसलाय यावरच सगळं ठरतं. आता त्याच फिनँथ्रोलीनला तांब्याशेजारच्या दोन जागी फक्त मिथाइल (एका कार्बनचा छोटा गट) लावा, झालं निओक्युप्रोइन. कॉपर-टू ला चपटं बसायचं असतं पण मिथाइल एकमेकांना आडवे येतात, मग तांबं केशरी रंगाचं कॉपर-वन होऊन अडकून पडतं आणि पेरॉक्साइड टाकलं तरी ढिम्म! दोन मिथाइलनी अख्खा खेळ बंद.

आणि हे सगळं टेस्ट ट्यूबमधलं हं. २००७ मध्ये मॅकोम्बर, रेन्सिंग आणि इम्ले यांनी तांबं बाहेर फेकता न येणारे ई. कोलाय बॅक्टेरिया घेतले, त्यांना तांबं भरपूर चारलं, आता पेरॉक्साइडने डीएनएच्या चिंधड्या होणार असं कुणालाही वाटेल, तर झालं उलटंच, त्या पेशी पेरॉक्साइडला जास्त टिकल्या. दोन वर्षांनी मॅकोम्बर-इम्लेंनीच दाखवलं की तांबं एन्झाइममधले आयर्न-सल्फर क्लस्टर (लोखंड-गंधकाचे छोटे गठ्ठे) फोडतं, तेही ऑक्सिजन नसताना, आणि ल्युसीनसारखी अमिनो अ‍ॅसिड वरून दिली की अडलेली वाढ पुन्हा सुरू होते, कारण ती बनवणारं एन्झाइमच आधी बाद झालेलं असतं.