ताप उतरला, पण फ्लू संपला नव्हता

मार्चमध्ये आप्पांना फ्लू झाला. तीन दिवस १०२-१०३ ताप, अंग नुसतं ठणकत होतं, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी आप्पा मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला हजर. मी म्हणलं आप्पा दोन दिवस घरी बसा की, तर म्हणाले, "ताप न्हाई आता, कशाला बसू?"

सातव्या दिवशी संध्याकाळी परत हुडहुडी भरली. दोन चादरी घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात, उजव्या कुशीत श्वास घेतला की कळ. सीझनमध्ये आप्पांचा रुमाल कायम पिवळाच असतो, म्हणून त्यावरचा डाग बघून आधी मला वाटलं हळदच आहे, पण तो खोकल्यातून पडलेला बेडका होता, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा. ऑक्सिमीटरवर ८९. तशीच रात्री रिक्षा करून मिरजेला नेलं, एक्सरेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफेक, डॉक्टर म्हणाले फ्लूनंतरचा बॅक्टेरियल न्यूमोनिया.

आठ दिवस ॲडमिट होते, तेव्हा बाकड्यावर बसून मी याच विषयावरचं वाचत होते. असा न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस हा जंतू कित्येकांच्या नाकाघशात तसाही असतो, काही करत नाही. पण फ्लूचा व्हायरस श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब करतो, कफ वर ढकलणारी बारीक लव बंद पडते आणि या जंतूला खाली उतरायला वाट मिळते. आणि मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या राखणदार पेशी असतात, आलेला जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. व्हायरसशी लढताना आपलंच शरीर गॅमा इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडतं आणि त्यानं या पेशींची जंतू पकडायची ताकद कमी होते, हे २००८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. आणि उंदरांमध्ये सगळ्यात धोक्याचा काळ कुठला, तर फ्लू झाल्यापासून साधारण सातव्या दिवसाच्या आसपास! आप्पांचा पण सातवाच दिवस होता, वाचून अंगावर काटा आला.

म्हणून कुणी इम्युनिटी बूस्टर घ्या म्हणलं की मला राहवत नाही. इथं इम्युनिटी कमी पडली एवढंच नसतं, ती एका शत्रूच्या मागं लागते आणि दुसरं दार उघडं राहतं. शास्त्रज्ञ ते दार वेळेत बंद करायचं बघतायत, राखणदार पेशींना बळ देणारं जीएम-सीएसएफ नावाचं प्रोटीन उंदरांना देऊन त्याचा फायदाही दिसलाय, दुसरी वाट म्हणजे ते इंटरफेरॉनच दाबायचं, पण वेळ चुकून ते आधीच दाबलं तर व्हायरस डोक्यावर बसायची भीती. फ्लूनंतरच्या न्यूमोनियासाठी असं औषध आपल्याला अजून दुकानात मिळत नाही.

स्टेरॉइड मात्र दुकानात आहे!! चौथ्या दिवशी एका मेडिकलवाल्यानं अंगदुखीला म्हणून गोळ्या दिल्या, चिठ्ठी नाही काही नाही, मिरजेत डॉक्टरांनी पाकीट बघितलं तर त्यात एक स्टेरॉइडची. त्यानंच न्यूमोनिया झाला असं मी म्हणणार नाही, पण फ्लूमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांत असं दुसरं इन्फेक्शन जास्त दिसलंय, त्यामुळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकू नका, हात जोडून सांगते.

आपल्या हातात आहे ती लस. फ्लूची दरवर्षी, कारण व्हायरस बदलत राहतो, आणि न्यूमोकोकसची वेगळी. लहान मुलांना ही दुसरी सरकारी लसीकरणात मिळते, २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झाली, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आपणच डॉक्टरांना विचारायला लागतं, ते कुणी आठवण करून देत नाही. १९१८ च्या साथीत आपल्या देशात कोटीच्या वर माणसं गेली, आणि त्या साथीतले जगभरातले बहुतेक मृत्यू असल्याच बॅक्टेरियल न्यूमोनियानं झाले असं संशोधक सांगतात. तेव्हा ना अँटिबायोटिक होतं ना लस.

आप्पांना जूनमध्ये दोन्ही लसी दिल्या. परवा शेजारच्या काकूंचा फोन आला, काकांचा ताप उतरला आजच, सकाळपासून गच्चीवर पाण्याची टाकी धुतायत म्हणाल्या. मी म्हणलं काकू आधी त्यांना खाली बोलवा, मी ऑक्सिमीटर घेऊन येते, आठवडाभर तुमच्याकडंच राहू दे.