आपला कोण म्हणायचा?

रविवार, रात्री

जुन्या वह्या चाळताना 2013 च्या जुलैतली माझीच एक ओळ सापडली आणि वाचून ओशाळल्यासारखे झाले. ख्रिस फ्रूमने टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा जिंकली त्या रात्री मी लिहिले होते, ‘हा कसला ब्रिटिश!’ त्याचा जन्म नैरोबीचा, शिक्षण दक्षिण आफ्रिकेत, 2006 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाकडून उतरला आणि शर्यतींत उतरण्याचा ब्रिटिश परवाना त्याने 2008 मध्ये घेतला, हे सगळे खरेच आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी जिंकलेला ब्रॅडली विगिन्स तरी बेल्जियममधल्या घेंटमध्ये, ऑस्ट्रेलियन बापाच्या पोटी जन्मला होता. तेव्हा मला जन्मगावाची आठवण झाली नव्हती. विगिन्स लंडनमध्ये वाढला, फटकळ बोलायचा, त्याच्यासारखे कागदी कल्ले गालांना चिकटवून लोक रस्त्यावर उभे राहिले. फ्रूम मात्र कोपरे फाकवून, मान खाली घालून, हँडलजवळच्या आकड्यांवर नजर खिळवून चढ चढायचा. पुढे त्याने आणखी तीन टूर जिंकल्या, तरी विगिन्सला एका विजयावर मिळालेली माया त्याच्या वाट्याला आली नाही. मला वाटते, तो आवडत नव्हता हे आधीचे. ‘परका’ हे कारण आम्ही मागाहून शोधले.

एरवी हा खेळ कंपन्यांच्या नावांच्या संघांचा. 1930 ते 1961 या काळात टूर राष्ट्रीय संघांत व्हायची, ती पद्धत 1967 आणि 1968 अशी दोन वर्षे परतली आणि मग गेली ती गेलीच. झेंडे घेऊन घाटात उभे राहणारे प्रेक्षक मात्र अजून आहेत.

पण झेंडा एकच असला तरी लोक निवड करतातच. 12 जुलै 1964 चे प्युई द डोमच्या चढावरचे छायाचित्र मी कितीदा पाहिले असेल: झाक आँकतिल डोंगराच्या अंगाने, रेमों पुलिदोर शेजारी, दोघेही फ्रेंच, कोपराला कोपर लागलेले. पुलिदोरने त्या दिवशी 42 सेकंद कमावले, आँकतिलकडे अवघी 14 सेकंदांची आघाडी उरली आणि तरीही पाचवी टूर आँकतिलनेच जिंकली. पुलिदोर तीनदा दुसरा, पाचदा तिसरा आला, एकूण वेळेत सर्वांत पुढे असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी त्याला एक दिवसही मिळाली नाही, आणि फ्रान्सने जीव लावला तो त्याला. तो शेतमजुरी करणाऱ्या घरातला, मातीतला माणूस, म्हणून, असे सांगतात. पण आँकतिलचा बापही नॉर्मंडीत स्ट्रॉबेरीच पिकवत होता! फरक मातीचा नव्हता, आँकतिलच्या घड्याळासारख्या थंड, हिशेबी जिंकण्याचा होता.

पुलिदोरचा नातू मॅथ्यू व्हान डर पूल बेल्जियममध्ये जन्मला आणि नेदरलँड्सकडून खेळतो. 2021 ची टूर सुरू होताना त्याच्या संघाने आजोबांच्या जुन्या मर्सिये संघाच्या जांभळ्या-पिवळ्या रंगांची जर्सी घातली होती. दुसऱ्या दिवशी म्यूर-द-ब्रतान्यच्या चढावर तो जिंकला, बोट आकाशाकडे उचलले आणि पिवळी जर्सी मिळाल्यावर त्याला रडू आवरेना. त्या संध्याकाळी माझ्याही डोळ्यांत पाणी आले होते, आणि तो कोणत्या देशाचा हे मला दुसऱ्या दिवशी निकालपत्रक पाहूनच आठवले.