बंपरवरची जागा

मागच्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, दुपारी दोनला कळंबहून निघालो, तर पिकअपचं स्टिअरिंग हाताला धरवेना. त्यावर ओला दुपट्टा गुंडाळला. देवळी यायच्या आत तो पापडासारखा वाळला आणि सुटून पायावर पडला. एसीचं खूळ डोक्यात शिरलं ते नेमकं तिथं. आई शेजारी बसली होती. तिच्या रुमालात नेहमीप्रमाणे कांदा. ती म्हणाली, "सुदं पाह्य समोर, दुपट्टा मी उचलतो."

आमची गाडी 2008 ची. घेतली तेव्हा एसी नव्हताच, आणि असायला हवा असं आम्हालाही वाटलं नव्हतं. पिकअप म्हणजे बियाणं, डीएपीची पोती, सोयाबीन, लग्नाच्या घरचे स्वयंपाकाचे गंज आणि सतरंज्या. त्यात माणूस असतो तो चालवायला लागतो म्हणून. गावात बातमी फुटली तसं पारावर एकानं विचारलंच, "मंग आता बैलाईलेही लावता का?" मी हसलो. उत्तर रात्री सुचलं, आता आठवत नाही.

ऊन काही नवं नाही. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आमच्या गावात त्या सेन्सरवर कोणी अविश्वास दाखवला नाही. उलट एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं, असाच एकूण सूर होता.

तर होळी झाल्यावर यवतमाळला एका गॅरेजात गाडी टाकली. मेकॅनिक तिशीतला पोरगा, बोलणं कमी. भंगारातल्या एका गाडीचा कॉम्प्रेसर आणि कूलिंग कॉइल, गाडीच्या तोंडाशी बसून उष्णता बाहेर फेकणारा कंडेन्सर नवा, पाइप नवे. कॉम्प्रेसर इंजिनाच्या बाजूला बसवायचा तर पट्टी हवी, ती त्यानं समोरच्या वेल्डरकडून जाड पत्र्याची करून आणली. तीनदा. पट्टा सरळ रेषेत येईना. दोन पुल्यांमध्ये दोरा ताणून एक डोळा मिटून पाहायचा आणि परत हातोडा उचलायचा. मी स्टुलावर बसून चहा प्यायचो. आपली गाडी उघडी पडलेली पाहणं म्हणजे घरच्या माणसाला ऑपरेशनला आत नेल्यासारखं असतं, आपण उगाच बाहेर पेपर वाचत बसतो.

बसून बसून विद्याही मिळाली. गाडीत एसी घालण्याचा उद्योग पहिल्यांदा केला अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं, 1940 च्या मॉडेलला. त्याला कॉम्प्रेसरचा क्लच नव्हता. एसी बंद करायचा म्हणजे गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. मेकॅनिकला हे सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या इकडं बंद कराचं काम काय हाय भाऊ?" बरोबर होतं त्याचं.

त्याचं दुसरं वाक्य मात्र मी अजून लोकांना ऐकवत असतो. "एसी बसवनं सोपं हाय, गाडीची भोकं बुजवनं कठीन." गाडीला इतकी भोकं आहेत हे मला सतरा-अठरा वर्षांत कळलं नव्हतं. क्लचच्या पायडलखाली एक, स्टिअरिंगचा दांडा जातो तिथं एक, गिअरच्या रबराला चिरा, दाराच्या बीडिंगचा तर पत्ताच नाही. डाव्या दाराच्या फटीतून बाहेरचा पिवळा प्रकाश दिसायचा. आजवर तिथून येणाऱ्याला आम्ही वारा म्हणत होतो.

घरी माजघरात कापूस पडलेला. 2022 मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हापासून दरवर्षी थोडा कापूस आम्ही आशेवर ठेवतो. उन्हाळा लागला की घरभर अंगाला खाज आणि आशा दोन्ही. आईनं त्यातला पिशवीभर दिला, वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मेकॅनिकनं इंजिनाकडच्या बाजूला कापूस लावायला साफ नकार दिला, पेटेल म्हणाला, आणि तिथं रबराचे तुकडे ठोकले. पण टपाच्या पत्र्याखाली आणि दारांच्या आत आमचा कापूस गेला. त्या वर्षीचा तेवढाच कापूस मनासारख्या भावात गेला असं मी मानतो.

मग व्हॅक्यूम मारला, गॅस भरला, आणि आतल्या जाळीतून गार हवा आली. मला वाटलं होतं आपण हुरळून जाऊ. पहिली आठवण झाली ती छागलीची.

छागल आता पाहायला मिळत नाही. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, तोंडाशी लाकडी बूच, वर दोरी. ट्रक, जीप, मेटाडोर, सगळ्यांच्या पुढच्या बंपरला ती लटकलेली असायची. कापडातून पाणी पाझरायचं, गाडी चालली की वारा लागून ते उडून जायचं आणि आतलं पाणी गार व्हायचं. माठाचंच तत्त्व, फक्त माठ ताशी चाळीसनं पळतोय. एसीत तरी वेगळं काय होतं? आतला गॅस कॉइलमध्ये उडतो आणि उडताना उष्णता ओढून घेतो. फरक एवढाच की तो गॅस उणे 26 अंशांनाच उकळतो आणि बाहेर सांडू द्यायचा नसतो, गोळा करून परत दाबून परत फिरवायचा. पाणी बिचारं गेलं ते गेलं.

आमच्या मामाच्या मेटाडोरला छागल होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मे महिन्यातलं लग्न, मागे हौद्यात सतरंजीवर आम्ही पंधरा-वीस पोरं आणि बाया, डोक्यावर ताडपत्री, आणि सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, मामा गाडी कधी थांबवतो. थांबली की पोरं उड्या टाकून बंपरकडे. त्या पाण्याला ओल्या कापडाचा, धुळीचा, थोडा डिझेलचा वास असायचा. तोंड न लावता वरून धार सोडायची, अर्धी धार हनुवटीवरून छातीत. तसलं पाणी मी परत प्यालो नाही.

त्या दिवशी मामानं थांबवली ती आमच्यासाठी नाहीच. एक म्हातारा उघड्या रस्त्यानं पायी चालला होता, पायात टायरच्या चपला. मामानं छागल सोडून त्याच्या हाती दिली. तो प्यायला. सावकाश प्यायला, मध्ये थांबून आमच्याकडे पाहून परत प्यायला. मग उरलेल्या पाण्यानं त्यानं दुपट्टा भिजवला, नीट, कडा सोडून मधला भाग, आणि डोक्याला गुंडाळला. छागल रिकामी. आम्ही पोरं त्याच्याकडे असं पाहत होतो की त्यानं आमची जमीन लिहून घेतली. मामाला मात्र त्यात काही विशेष घडलं असं वाटलेलं दिसलं नाही. रिकामी छागल परत बांधून तो गाडीत बसला. पुढच्या गावच्या विहिरीपर्यंत हौद्यात कोणी मामाशी बोललं नाही.

असो. एसीचं सांगत होतो. एसी चालतो. दत्त चौकाच्या गर्दीत गाडी अडकली की गरम हवा मारतो, चढावर भार असला तर तापमानाच्या काट्याकडे बघत बंद करावा लागतो, कारण कंडेन्सरची सगळी उष्णता मागच्या रेडिएटरच्या तोंडावर. डिझेल जास्त लागतं, किती ते मी मोजत नाही. आणि आमच्या मे महिन्यात खाली पाणी ठिबकत नाही, हवेतच ओल नाही तर ठिबकणार काय. पारावरचे म्हणाले गॅस गेला. जुलैत ठिबकायला लागल्यावर म्हणाले गाडी गळते.

1 ऑक्टोबर 2025 पासून साडेतीन टनांच्या वरच्या नव्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगला कायदा आहे, फार आधी व्हायला हवा होता. आमची पिकअप त्या वजनात बसत नाही, नवीही नाही. हौद्यातला माणूस तर कुठल्याच वजनात बसत नाही. आमचा सालदार, सालावर ठेवलेला गडी, अजून मागेच बसतो. दोनदा आत बोलावलं. "मले बंद काचात गुदमरते," म्हणाला. खरंच गुदमरतं की मालकाशेजारी, आईशेजारी बसायचा संकोच, हे मी विचारलं नाही.

या वर्षी माळ्यावर मामाची छागल सापडली. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मामीनं कधीतरी आईला दिली असावी. बूच नव्हतं, मक्याच्या बुरकुंडाचं केलं. पहिल्या दिवशी नुसती गळली, दुसऱ्या दिवशी कापड फुगलं आणि पाणी धरलं. मी ती जुन्या जागी, पुढच्या बंपरला बांधली. सालदार खूश, मीही खूश, आणि एसी गार करेना. मेकॅनिककडे नेली. त्यानं बोनेट उघडलंसुद्धा नाही. लांबूनच म्हणाला, "भाऊ, हे गाठोडं काढा आंधी. कंडेन्सरले वारा कुठून लागन?"

म्हणजे गाडीच्या तोंडावर जो वारा लागतो, त्यावर आता छागलीचा हक्क नाही. एक तर ती, नाही तर एसी.

दोनचार जागा करून पाहिल्या. हौद्याला लटकवली तर पाणी कोमट राहतं, तिथं केबिनच्या आड वारा नाही. शेवटी डाव्या आरशाच्या दांड्याला बांधली. तिथं ती छान गार होते, पण डावीकडचा आरसा पूर्ण झाकला जातो. आईला सांगितलं, मागून कोणी आलं तर मला दिसायचं नाही.

"मी बसलो हाय ना तिकडं," ती म्हणाली. "मी सांगीन."

आणि रुमालातला कांदा तिनं दुसऱ्या हातात घेतला. बंद काचेत त्याचा वास फार येतो, पण ते तिला सांगणार कोण.